समुद्रतळाच्या झऱ्यांकाठी शंखवासी खेकड्याला घर कुठून मिळतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकचे. मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला ‘खोल समुद्रातल्या गरम झऱ्यांजवळ राहणारे हर्मिट क्रॅब’ हा विषय मांडायचाय. त्यासाठी तुम्ही दोन हर्मिट क्रॅब विकत आणलेत. काचेच्या टाकीत पाणी भरायचं, हीटर लावायचा, थोडी गंधकाची पूड टाकायची आणि ‘झरा’ उभा करायचा असा बेत आहे. पाणी किती गरम ठेवावं, उजेड नसताना हे प्राणी काय खातात आणि हा देखावा शास्त्राला धरून होईल का, हे तुम्हाला विचारायचंय.

सगळ्यात आधी एक काम करा. ते दोन जीव पाण्यात असतील तर आत्ताच बाहेर काढा आणि हीटर बंद करा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

पाळायला म्हणून विकतात ते हर्मिट क्रॅब जवळजवळ नेहमी सीनोबिटा या प्रजातीचे, म्हणजे जमिनीवर राहणारे असतात. त्यांचे कल्ले ओलसर हवेतून प्राणवायू घ्यायला सरावलेत. पाण्यात बुडवून ठेवले तर ते गुदमरून मरतात. तुमचे नक्की कुठले, हे फोटो पाहिल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही. पण दुकानात ते वाळूच्या किंवा भुशाच्या डब्यात, पाण्याबाहेर ठेवलेले असतील तर जमिनीवरचेच समजा. डावी नांगी ठळक मोठी असेल आणि घाबरून आत शिरल्यावर तीच शंखाच्या तोंडावर दारासारखी बसत असेल, तर आणखी खात्री धरा. खाऱ्या पाण्याच्या टाकीतून काढून दिले असतील तर मात्र गोष्ट वेगळी. मग त्यांना पुरतं जमवलेलं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय लागतं, आणि ते घरी नसेल तर दुकानात परत देणं हेच त्यांच्या भल्याचं. डब्यात काय काय हवं ते शेवटी लिहिते.

आता मूळ विषय. तुमच्या तिन्ही प्रश्नांमागे एक समजूत आहे: गरम झऱ्याजवळचा प्राणी म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारा प्राणी. मी वर्षानुवर्षं दहा पायांच्या कवचधारी प्राण्यांची ओळख पटवायचं काम केलंय, त्यात शंखवासी खेकडे सगळ्यात जास्त, आणि ही समजूत मला महाविद्यालयातल्या मुलांकडेही भेटत आलीय. या खेकड्याची खरी अडचण उष्णतेची नसतेच. त्याला तिथे अडतं ते घरावाचून.

उष्णतेचं आधी आटपून टाकू. समुद्रतळाला जिथे भेगा पडतात तिथे पाणी खडकात खोल झिरपतं, खालच्या तप्त शिलारसाजवळ तापतं, खडकातले धातू आणि गंधकाची संयुगं विरघळवून घेतं आणि धुरासारखं काळं होऊन वर उसळतं. त्याचं तापमान ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतं. अडीच हजार मीटर खोलीवर दाब हवेच्या सुमारे २५० पट असतो, म्हणून ते उकळून वाफ होत नाही. पण भोवतालचा समुद्र असतो जेमतेम २ अंशांचा. उसळणारं पाणी त्यात मिसळलं की काही सेंटिमीटर ते काही मीटर अंतरात उष्णता विरून जाते. प्राण्यांची वस्ती या मधल्या, कोमट ते गार पट्ट्यात असते. खेकडे आणि त्यांचे भाऊबंद तर बहुतेक गार कडेलाच. म्हणजे तुम्ही टाकीतलं पाणी हीटरने ४० अंशांवर नेलंत, तर ते अशा खोल समुद्रातल्या खेकड्यालाही जिवे मारेल.

आपल्याकडे हे समजावून सांगायला चांगली सोय आहे. नाशिकच्या आसपासच्या खाणींतून निघणारे झिओलाइट या खनिजाचे स्फटिक तुमच्या मुलीने पाहिले नसतील तर तिला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात घेऊन जा. आपला काळा बेसाल्ट म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या लाव्ह्यातल्या पोकळ्यांमधून गरम, क्षारयुक्त पाणी फिरलं आणि त्यातून हे स्फटिक बसले. समुद्रतळाच्या झऱ्यात चालतं ते याच जातीचं काम आहे, फक्त तिथे ते आजही चालू आहे. आणि तिथल्या पाण्याचा वास कसा असेल हे ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांनी वज्रेश्वरीच्या कुंडाजवळ उभं राहून बघावं.

थंड झिरपे ही दुसरी गोष्ट, आणि तिच्या नावाने फार घोटाळा होतो. ‘कोल्ड सीप’ म्हणजे भोवतालच्या पाण्यापेक्षा थंड झरा नव्हे. तिथलं पाणी साधारण आजूबाजूच्या समुद्राइतकंच थंड असतं. गरम झऱ्यांपेक्षा वेगळं ओळखू यावं म्हणून त्याला ‘थंड’ म्हटलं गेलं, एवढंच. तिथे गाळाखालून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हळूहळू झिरपत वर येतात. गरम झऱ्यांवरची जीवसृष्टी माणसाने पहिल्यांदा पाहिली १९७७ मध्ये, गॅलापागोस बेटांजवळ, ‘अ‍ॅल्विन’ या पाणबुडीतून. थंड झिरप्यांवरची वस्ती १९८४ मध्ये मेक्सिकोच्या आखातात सापडली.

आता घर. शंखवासी खेकड्याला इंग्रजीत ‘हर्मिट’ म्हणजे बैरागी म्हणतात. आपण तपोवनातले साधू पाहत मोठे झालेलो, त्यामुळे हे नाव मला नेहमी खटकतं. बैरागी घर सोडून निघतो. हा जीव घराशिवाय दिवसभरही सुरक्षित नसतो. त्याचं पुढचं अंग इतर खेकड्यांसारखं कठीण असतं, पण पोट मऊ, उघडं आणि एका बाजूला पिळलेलं. ते पोट त्याला मेलेल्या गोगलगायीच्या शंखात सरकवावं लागतं. शंखाच्या आतल्या मधल्या दांड्याला तो पोटाच्या टोकाने धरून बसतो. वाढला की शंख अपुरा पडतो आणि नवा शोधावा लागतो. म्हण विंचवाच्या बिऱ्हाडाची आहे, पण पाठीवर खरंखुरं बिऱ्हाड असतं ते या जिवाच्या, आणि तेही दुसऱ्याने बांधलेलं.

ही पकड किती घट्ट असते ते मी स्वतःच्या चुकीतून शिकले. विद्यार्थिदशेत खोल समुद्रातून आलेला एक नमुना मी चिमट्याने ओढून काढायला गेले. खेकड्याने सोडलं नाही. पोट तुटून शंखातच राहिलं आणि पुढचा भाग हातात आला. जात ओळखायच्या कित्येक खुणा, नराची पोटावरची उपांगं, शेपटीचं शेवटचं पान, त्या तुटलेल्या भागात होत्या. तो नमुना पुन्हा मिळणार नव्हता. त्यानंतर मी कधीही ओढलं नाही. शंख शिकंजात धरून हळूहळू तडकवायचा, ही सवय लावून घेतली. तुमच्या मुलीलाही हेच सांगा: जिवंत खेकड्याला शंखातून ओढून ‘आतून कसा दिसतो’ ते बघायचं नाही. तो तुटेल, पण सोडणार नाही.

आता कल्पना करा की असा घर शोधणारा प्राणी समुद्रतळाच्या गरम झऱ्याशी पोचलाय. त्याला रिकामा, पिळदार, मजबूत शंख हवाय, आणि तिथे तोच दुर्मीळ. एक तर झऱ्यांवरच्या गोगलगायींपैकी खूप जणी लिंपेट असतात, म्हणजे चपट्या टोपीसारख्या. टोपीत पोट पिळून बसवता येत नाही. दुसरं, शंख बनतो कॅल्शियम कार्बोनेटचा आणि खोल, थंड, जास्त दाबाच्या पाण्यात तो सहज विरघळतो. झऱ्याचं पाणी आम्लयुक्त असल्यामुळे हे आणखी वेगाने होतं. गोगलगाय जिवंत असेपर्यंत शंखावरचं चामड्यासारखं आवरण त्याला राखतं. ती मेल्यावर दुरुस्ती करणारं कोणी उरत नाही. उथळ समुद्रात एक शंख एकामागून एक कित्येक खेकडे वापरतात. इथे तो वारसाने पुढे जाण्याआधीच झिजून जातो.

हिंदी महासागरातल्याच एका गोगलगायीचं उदाहरण द्या, मुलांना ते फार आवडतं. मध्य हिंदी महासागरी पर्वतरांगेवर काइरेई नावाचा झऱ्यांचा परिसर आहे, २००० साली जपानी संशोधकांना सापडलेला, सुमारे २४०० मीटर खोल. तिथे २००१ मध्ये क्रायसोमॅलॉन ही गोगलगाय मिळाली. तिच्या पायावर खवले आहेत आणि शंखाच्या बाहेरच्या थरात चक्क लोहाचं सल्फाइड आहे. २०१९ मध्ये तिची नोंद धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत झाली, कारण अशा झऱ्यांच्या जागी खाणकामाचा विचार चालू आहे.

म्हणूनच मला एक आकडा महत्त्वाचा वाटतो. झऱ्यांवरची जीवसृष्टी १९७७ मध्ये दिसली. तिथले खरे खेकडे, कोळंब्या, शेवंडासारखे पण आखूड, चपटे स्क्वॉट लॉब्स्टर भराभर नोंदले गेले. पण गरम झऱ्यांशी जोडलेल्या पहिल्या शंखवासी खेकड्याचं वर्णन प्रसिद्ध व्हायला २००४ साल उजाडलं. म्हणजे २७ वर्षं. ती जात म्हणजे पॅराजिओपॅग्युरस व्हेंटिलाटस, मिळाली तैवानच्या ईशान्येकडच्या झऱ्यांजवळ, आणि तिचं वर्णन केलं राफाएल लमेत्र यांनी. ती मिळाली बेटाजवळच्या झऱ्यांशी, महासागराच्या मधोमध असलेल्या खोल पर्वतरांगांवर नव्हे, हेही लक्षात घ्या. त्याच भागात झेनोग्रॅप्सस नावाचा खराखुरा खेकडा हजारोंनी राहतो. झऱ्याच्या विषारी पाण्याने मेलेले बारीक जीव वरून पडतात, तेव्हा तो बाहेर येऊन ते खातो.

आता नातेवाइकांकडे बघा. शंखवासी खेकडे ज्या मोठ्या गटात येतात त्याचं नाव अ‍ॅनोम्युरा. याच गटातला किवा, केसाळ नांग्यांचा ‘यती (हिममानव) खेकडा’, दक्षिण प्रशांत महासागरात २००५ मध्ये सापडला. त्याच्या कोस्टा रिकाजवळच्या थंड झिरप्यांवरच्या भावाचं, किवा पुराविडाचं, वर्णन २०११ मध्ये झालं. तो आपल्या नांग्यांवर जिवाणू वाढवतो आणि त्यांना मिथेन व प्राणवायू मिळत राहावा म्हणून नांग्या तालात हलवत राहतो. शिंकाया हा स्क्वॉट लॉब्स्टर जपानजवळच्या झऱ्यांवर दाटीवाटीने असतो. किंग क्रॅब तर शंखवासी खेकड्यांच्याच वंशातून निघालेत. त्यांचं वाकडं पोट अजून त्याची साक्ष देतं. त्यांनी शंख सोडला, अंग कठीण केलं, आणि त्यांच्यातले पॅरालोमिस झिरप्यांवर जिवाणूंचे थर खरवडून खाताना पाहिले गेलेत.

एकाच मोठ्या गटातले हे सगळे. ज्यांनी उसन्या घराची गरज संपवली ते झऱ्यांवर सुखाने नांदतात, आणि ज्याला अजून घर लागतं तो तिथे क्वचित दिसतो. शंखाची टंचाई हेच याचं मुख्य कारण, हे माझं मत आहे. सल्फाइडचं विष, तापमानाची चढउतार हीही कारणं असणारच. पण ती या नातेवाइकांनाही सोसावी लागतात आणि ते सोसतात. म्हणून मी घराकडे बोट दाखवते.

मग खोल समुद्रात शंखवासी खेकडे जगतात तरी कसे? काहींनी फार सुंदर तोड काढलीय. पॅरापॅग्युरिडी या कुळातले खेकडे लहानपणी एखादा इवलासा शंख घेतात आणि त्यावर समुद्रफुलांचे (फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांचे) नातलग, झोअँथिड, वाढू लागतात. ते शंखाच्या तोंडापलीकडे वाढत जातात. खेकडा मोठा होतो तसं घरही मोठं होतं. बदलायची गरज राहत नाही. आतला मूळ शंख कित्येकदा विरघळून जातो. बंगालच्या उपसागरातला असा एक नमुना मी पहिल्यांदा उघडला तेव्हा शंख म्हणून कापायला घेतलेलं घर चामड्यासारखं मऊ निघालं आणि आत शंखाचा कणही नव्हता. मी बराच वेळ तो नुसता हातात धरून बसले होते. स्टायलोबेट्स नावाचं समुद्रफूल तर याहून पुढे जातं: ते स्वतःच सोनेरी, शंखाच्या आकाराचं पातळ घर तयार करतं. १९०३ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं तेव्हा ते गोगलगायीचा शंख म्हणूनच केलं गेलं होतं. त्याआधीच आपल्याच समुद्रातल्या अशा एका खेकड्याचं वर्णन कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे आल्फ्रेड अल्कॉक यांनी केलं होतं. ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाच्या मोहिमांतून आलेला तो खेकडा समुद्रफुलाला चादरीसारखं अंगावर ओढून घेत असे. काही जाती पोकळ लाकडात राहतात, काही किड्यांच्या नळ्यांत.

थंड झिरप्यांवर घराचं गणित बदलतं, आणि इथे मला तुमच्या मुलीने थोडं थांबून लिहावंसं वाटतं. गाळाच्या आत सूक्ष्मजीव मिथेन आणि सल्फेट यांच्यावर गुजराण करतात. त्या क्रियेतून बायकार्बोनेट तयार होतं आणि गाळात कार्बोनेटचा दगड बसू लागतो. म्हणजे गरम झऱ्याचं आम्ल जिथे शंख खातं, तिथे झिरप्याखालचा गाळ नवा चुनखडी दगड घडवतो. प्राण्यांना बसायला कडक जमीन मिळते, शिंपले आणि शंख जास्त काळ टिकायची शक्यता वाढते. सगळीकडे सारखंच होतं असं नाही. मिथेन कुठल्या थरात आणि कसं खर्ची पडतं यावर ते ठरतं. तरी शंखवासी खेकडा भेटायची आशा मी गरम झऱ्यापेक्षा झिरप्याच्या काठावर जास्त धरेन.

आणि आता तुमच्या घराजवळची गोष्ट. भारताच्या हद्दीतले थंड झिरपे कुठे आहेत? कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्री भागात. ब्रह्मगिरीवर उगवलेली आपली गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ८० किलोमीटरवर जन्मते आणि त्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. राजमहेंद्रीच्या पुढे ती जो गाळ ओतत आली, त्यातल्या सेंद्रिय भागापासून सूक्ष्मजीवांनी मिथेन तयार केला. थंडी आणि दाब यांमुळे त्यातला बराचसा बर्फासारख्या गॅस हायड्रेटच्या रूपात साठला. २००६ च्या राष्ट्रीय मोहिमेत तिथे एका जागी सुमारे १३० मीटर जाडीचा हायड्रेटचा थर लागला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये तिथल्या प्राचीन झिरप्याच्या खुणा प्रसिद्ध केल्या आणि त्यानंतर दहा वर्षांनी आजही जिवंत असलेल्या झिरप्याची नोंद केली, रासायनिक ऊर्जेवर जगणाऱ्या प्राण्यांसह. रामकुंडावरून वाहून गेलेला यंदाचा गाळ उद्या खेकड्याला पोसेल असं मात्र लिहू नका. गंगापूर आणि जायकवाडीची धरणं बरंच काही अडवून ठेवतात, आणि तिथला मिथेन फार जुन्या गाळातला आहे. पण नाशिकच्या मुलीने हा विषय मांडताना नकाशावर ब्रह्मगिरीपासून त्या झिरप्यापर्यंत एक रेघ ओढली, तर तो नकाशा पूर्णपणे खरा असेल.

खाण्याचा प्रश्न राहिला. झऱ्यांवर आणि झिरप्यांवर मूळ अन्न तयार करतात ते जिवाणू, सल्फाइड किंवा मिथेनमधल्या रासायनिक ऊर्जेवर. काही प्राणी असे जिवाणू अंगातच पाळतात. शंखवासी खेकडा तसा नाही. तो मिळेल ते खाणारा: मेलेलं, सडकं, गाळातलं बारीकसारीक. मग तो झिरप्याचा रहिवासी आहे की वाटसरू, हे कसं ओळखायचं? व्हिडिओत तो तिथे दिसला एवढ्यावरून नाही. आम्ही त्याच्या पायाच्या स्नायूचा लहानसा तुकडा घेऊन कार्बनच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाण एका ठरलेल्या मापाशी ताडून बघतो. वरून पडणाऱ्या प्लवकांवर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांवर, वाढलेल्या प्राण्यात ते प्रमाण दर हजारी उणे २० च्या आसपास येतं. मिथेनपासून बनलेला कार्बन फार हलका असतो, उणे ५० किंवा त्याहून खाली. खेकड्याचा आकडा या दोन टोकांमध्ये कुठे पडतो त्यावरून कळतं की तो कुठल्या घरी जेवतो. आणि मधले आकडे बरेच येतात. तो दोन्हीकडे जेवतो.

पोस्टरवर ‘सूर्याशिवाय जीवन’ असं मोठं शीर्षक द्यायचा मोह होईल. ते अर्धवट खरं आहे. झऱ्यावरचे बहुतेक प्राणी, आणि त्यांना पोसणारे बरेच जिवाणू, पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात, आणि तो प्राणवायू वर उजेडात चाललेल्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. ही एक ओळ मुलीने परीक्षकांना सांगितली तर तिला विषय समजलाय हे त्यांना लगेच कळेल.

गंधकाची पूड टाकीत घालू नका. ती पाण्यात विरघळत नाही आणि तिने काही सिद्धही होत नाही. हायड्रोजन सल्फाइड वायू घरी तयार करायचा प्रयत्न तर मुळीच नको. तो पेशींचं श्वसन थांबवतो, माणसाचंही. झऱ्यावरच्या बायथोग्रियासारख्या खेकड्यांकडे त्याला कमी विषारी रूपात बदलायची सोय असते. आपल्याकडे एवढं विष पचवायची ताकद नाही.

मग प्रदर्शनात काय ठेवायचं? मी असते तर खेकड्यांना घरीच ठेवून तीन गोष्टी मांडल्या असत्या. पहिली, शंखांची. पावसाळ्यात नाशिकच्या बागांत आफ्रिकन गोगलगायींचे रिकामे शंख भरपूर पडलेले असतात. हातमोजे घालून वेचा, उकळून स्वच्छ करा. एक साध्या पाण्यात, एक व्हिनेगरमध्ये. दुसऱ्यावर बुडबुडे दिसतील आणि काही दिवसांत तो ठिसूळ होईल. शेजारी स्पष्ट लिहा की व्हिनेगर हे समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र आम्ल आहे आणि इथे दिवसांत दिसतं त्याला समुद्रात वर्षं लागतात. किनाऱ्यावरून शंख मागवू नका. ते कुणाचं तरी पुढचं घर असतं.

दुसरी, मातीच्या खेकड्याची. पिळदार पोटाचा खेकडा मातीचा करा आणि तो शंखात, टोपीसारख्या लिंपेटमध्ये आणि नळीत बसवून दाखवा. कुठे बसतो आणि कुठे नाही हे मुलांना हाताने कळू द्या. परीक्षक काही म्हणोत, मला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

तिसरी, जिवंत गाळाची. १८८० च्या दशकात सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने बेजिआटोआ या गंधक-जिवाणूचा अभ्यास करताना रासायनिक ऊर्जेवर जगणं म्हणजे काय ते दाखवून दिलं. हेच जिवाणू झिरप्यांवर पांढऱ्या सायीसारखे पसरलेले असतात. विनोग्राद्स्कीच्या नावाने ओळखली जाणारी बाटली तुम्हाला करता येईल. नदीकाठचा काळा चिखल, कागदाचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि थोडी अंड्याच्या कवचाची पूड कालवून पारदर्शक बाटलीत भरा, वर नदीचंच पाणी घाला. अशा दोन करा. एक खिडकीत, दुसरी काळ्या कागदात गुंडाळून. झाकण सैल ठेवा, बाटल्या हवेशीर जागी, मोठ्यांच्या नजरेखाली. उजेडातल्या बाटलीत काही आठवड्यांनी हिरवे-जांभळे पट्टे येऊ शकतात, पण ते प्रकाशावर जगणारे जिवाणू. झऱ्याशी तुलना करायची ती अंधारातल्या बाटलीची. काय आणि किती उगवेल हे चिखलावर अवलंबून आहे. प्रदर्शनाला महिन्याहून कमी वेळ असेल तर हा भाग सोडून द्या आणि पहिल्या दोनांवर भर द्या.

छायाचित्र हवं असेल तर डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आणि गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांनी हिंदी महासागरात सुमारे ४५०० मीटर खोलीवर टिपलेल्या झऱ्याचं दाखवा. परदेशी चित्रांपेक्षा मुलांना ते जवळचं वाटेल.

आता तुमचे दोन पाहुणे. झाकण असलेली काचपेटी घ्या. तळाला खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट तरी ओलसर वाळू आणि नारळाचा भुसा, हाताने किल्ला बांधता येईल इतपत ओला. दोन उथळ वाट्या: एकीत गोडं पाणी, दुसरीत मत्स्यालयाच्या मिठाचं खारं पाणी. जेवणातलं मीठ नको, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारे थेंब मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात ते घाला. वाट्यांत दगड ठेवा, म्हणजे त्यांना चढून बाहेर येता येईल. हवा दमट हवी, नाशिकचा एप्रिल-मे त्यांना कोरडा पडतो आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी सोसत नाही. पेटीतलं तापमान २५ अंशांच्या आसपास राहू द्या. रंगवलेले शंख काढून टाका आणि त्यांच्या अंगापेक्षा थोडे मोठे, साधे, वेगवेगळे पाच-सहा शंख आत ठेवा. रात्री दिवे घालवून बसलात तर एखादा नव्या शंखात नांगी घालून आतून माप घेताना दिसेल.

पुढे सांभाळणं जमणार नसेल तर त्यांना गोदावरीत सोडू नका, आणि अलिबाग-दापोलीच्या किनाऱ्यावरही नाही. नदीत ते मरतील, आणि ते मूळ कुठले हे माहीत नसताना दुसऱ्या किनाऱ्यावर सोडणं तिथल्या जिवांना धोक्याचं. अनुभवी पाळणारा शोधून त्याच्याकडे द्या. आणि दोघांपैकी एक अचानक वाळूत शिरून दिसेनासा झाला तर उकरू नका. तो कात टाकायला गेलेला असतो. त्याला चार-सहा आठवडेही लागतात, आणि त्या काळात त्याचं सगळं अंगच पोटासारखं मऊ असतं.